काळ्या तंबूतले चार दिवस

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या हीरक महोत्सवात तिबेटी पशुपालकांच्या तंबूंचा विषय कशासाठी, असा प्रश्न कार्यक्रमपत्रिका पाहून काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. त्याचे साधे उत्तर असे, की याच शाळेच्या बाकांवर बसून शिकलेल्या आणि पुढे याच शाळेच्या प्राथमिक विभागात ३१ वर्षे शिकवून निवृत्त झालेल्या एका बाई काही वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात घोड्यावर बसून त्या तंबूंपर्यंत गेल्या, आणि परत आल्या त्या एक प्रश्न सोबत घेऊन. नाव घेऊ नये अशी त्यांची अट आहे. म्हणून येथे त्यांना नुसते 'बाई' म्हटले आहे. सभागृहातील निम्म्या लोकांना त्या कोण हे तेवढ्यावरूनही कळेल.

बाईंचा घोड्याशी पूर्वीचा संबंध एवढाच, की लग्नानंतर माथेरानला एकदा घोड्यावर बसून फोटो काढला होता. तोही घोडेवाल्याने लगाम हातात धरून. निवृत्तीनंतर गुडघ्यांची तक्रार सुरू व्हायच्या आत कुठेतरी लांब जावे असे त्यांनी ठरवले. मुलगा म्हणाला, काशीला जा. बाईंनी नकाशा उघडला.

तिबेट म्हटले की आपल्यासमोर ल्हासा आणि पोताला प्रासाद उभा राहतो. पण तिबेटी बोलणाऱ्या लोकांचा मुलूख ल्हासाच्या पूर्वेला आणि ईशान्येला फार दूरवर पसरला आहे. आमदो आणि खाम ही त्याची जुनी नावे. खामचा मोठा भाग आज चीनच्या सिचुआन प्रांतात मोडतो आणि बाईंनी निवडला तो हाच भाग. सिचुआनच्या सपाटीवरून चढत गेले की सुमारे २,५०० मीटर उंचीवर एका अरुंद दरीत दार्त्सेदो हे गाव लागते. चिनी नाव कांगदिंग. शतकानुशतके चिनी चहा आणि तिबेटी जग यांची गाठ येथे पडत असे. यआनच्या बाजूने हमाल चहाच्या विटा पाठीवर लादून येथवर आणत आणि पुढची वाट याक नि खेचरे चालत. चिनी राज्यकर्त्यांना सैन्यासाठी घोडे हवे होते आणि तिबेटी माणसाला चहा. सोंग राजवटीने इ.स. १०७४ मध्ये चहा देऊन घोडे घेण्यासाठी स्वतंत्र सरकारी खातेच उघडले होते. चहा आणि घोडा या दोन गोष्टी त्या प्रदेशाच्या कथेत अशा जोडीने येतात, आणि तंबूत शिरणाऱ्या पाहुण्याच्या वाट्यालाही त्या जोडीनेच येतात.

दार्त्सेदोहून ४,२९८ मीटर उंचीची खिंड ओलांडली की झाडे विरळ होत जातात आणि गवताळ माळांचा प्रदेश सुरू होतो. ल्हागांग हे तिथले मठाचे गाव, उंची सुमारे ३,७०० मीटर. सातव्या शतकात चिनी राजकन्या वेनचेंग बुद्धमूर्ती घेऊन ल्हासाकडे निघाली असता मूर्तीला ही जागा आवडली आणि तिने तसे बोलून दाखवले, म्हणून तिची प्रतिकृती येथे ठेवली गेली, अशी आख्यायिका आहे. समोर झारा ल्हात्से हे ५,८२० मीटर उंचीचे हिमशिखर दिसते. ढगांनी मनावर घेतले तर. बाईंना ते चार दिवसांत दोनदा दिसले.

या माळांवर राहणारे ते द्रोक्पा. 'द्रोक' म्हणजे कुरण, माळरान. तिथला माणूस तो द्रोक्पा. खोऱ्यात सातू पिकवणारा शेतकरी तो रोंग्पा. आपल्याकडे 'भटके' हा शब्द सरसकट वापरला जातो, पण तो येथे नीट बसत नाही. द्रोक्पा भटकत नाहीत. हिवाळ्यात ते खाली, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागी राहतात. या भागात तर बहुतेकांची तिथे दगडामातीची घरेच आहेत. उन्हाळ्यात ते ठरलेल्या वाटेने ठरलेल्या वरच्या कुरणात जातात. कोणते कुरण कोणाचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते आणि त्यावरून भांडणेही पिढ्यान्‌पिढ्या चालतात. दिवाळीनंतर दख्खनच्या पठारावरून कोकणाकडे उतरणारा धनगरांचा वाडा ज्यांनी पाहिला असेल, पुढे मेंढ्या आणि मागे घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या, लहान मूल असे सगळे बिऱ्हाड, त्यांना द्रोक्पांची चाल समजायला वेळ लागणार नाही.

बाईंचा वाटाड्या चाळिशीच्या आसपासचा होता. त्याच्याविषयी एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढचा सारा संवाद तिच्यामुळेच घडला. तो हिंदी बोलत होता. नवव्या वर्षी घरच्यांनी त्याला काही मोठ्या माणसांबरोबर पायी हिमालय ओलांडायला लावून नेपाळमार्गे भारतात पाठवले होते आणि हिमाचलातल्या एका तिबेटी शाळेत तो दहा वर्षे राहिला होता. चीनमधल्या एका माळावर एक खांपा माणूस आपल्याला 'दीदी, पैर ढीला छोड़िए' असे सांगतो आहे, याचे बाईंना पहिले दोन तास घोड्यापेक्षा अधिक आश्चर्य वाटत राहिले.

घोडा ठेंगणा होता, माथेरानच्या घोड्यापेक्षाही. खोगीर लाकडी, त्यावर एकावर एक दोन जाड लोकरी गालिचे. तंग पुन्हा पुन्हा आवळावा लागतो, कारण चढावर घोड्याचे पोट आत जाते आणि खोगीर मागे सरकते. रिकिबी आखूड ठेवतात. गुडघे वर येतात आणि पहिल्या संध्याकाळी ते सरळ होत नाहीत. लगाम एका हातात. घोड्याला काही शिकवायला जाऊ नये, त्याला वाट ठाऊक असते, ही वाटाड्याची पहिली सूचना. दुसरी सूचना अशी, की चढावर माणसाने बसून राहायचे, पण मोठा उतार लागला की खाली उतरून चालायचे. चढ न चढवणारा घोडा घोडा नव्हे आणि उतारावर पायउतार न होणारा माणूस माणूस नव्हे, अशा अर्थाची म्हण तिबेटीत आहे. उतारावर स्वाराचे सारे वजन घोड्याच्या पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर येते, त्याची पाठ सोलते, हे त्यामागचे व्यवहारी कारण. चार हजार मीटरवर दर श्वासात प्राणवायू समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे उतरणेही दमवते. बाई तरी प्रत्येक उतारावर उतरल्या. ही त्यांची एकमेव बढाई आहे आणि ती त्या अजूनही मारतात.

खिंडीच्या माथ्यावर दगडांची रास आणि तिच्यावर पताका असतात. त्यांना लुंगता, म्हणजे 'वाऱ्याचा घोडा' म्हणतात. राशीला उजवी घालून जायचे आणि 'ल्हा ग्यालो', देवांचा जय असो, अशी आरोळी द्यायची. गेसर राजाच्या ज्या महाकाव्याला २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले, त्यात गेसर राजा होतो तो घोड्यांची शर्यत जिंकूनच. मात्र प्रत्यक्षात आज माळावर जनावरे वळणारा तरुण बहुधा मोटारसायकलवर असतो. घोडे उरले आहेत ते उन्हाळ्यातल्या शर्यतींसाठी, दुर्गम वाटांसाठी आणि बाईंसारख्या पाहुण्यांसाठी. वाटाड्याने हे अगदी सरळ सांगितले. घोड्याला रोज चारायचे असते, मोटारसायकलला तसे नसते, असे तो म्हणाला. आणि मग थोड्या वेळाने, मोटारसायकल अंधारात घरी आणून सोडत नाही, असेही म्हणाला.

तंबूजवळ जाण्याची एक रीत आहे. लांबून हाक द्यायची, थांबायचे आणि कुत्री कोणीतरी धरेपर्यंत घोड्यावरून उतरायचे नाही. पहाऱ्याच्या त्या कुत्र्यांना तिबेटीत 'दो-ख्यी', म्हणजे बांधलेला कुत्रा, असे नाव आहे; न बांधलेला असला की हे नाव किती आश्वासक आहे ते कळते. बाईंच्या वेळी बाहेर आली ती एक दहा-अकरा वर्षांची मुलगी. तिने आपल्याहून वजनदार असलेल्या कुत्र्याच्या मानेला मिठी घातली आणि त्याला खाली दाबून, वर न पाहता, पाहुण्यांना आत जाण्याची खूण केली.

तंबू काळा होता. असे तंबू आता कमी होत चालले आहेत. बाजारातला पांढरा कापडी तंबू हलका पडतो आणि उभारायला सोपा असतो. काळा तंबू याकच्या केसांचा. बायका ते केस कातून, कमरेला बांधायच्या मागावर वीतभर-हातभर रुंदीच्या लांब पट्ट्या विणतात आणि त्या एकमेकींना शिवून तंबू तयार होतो. तो एकदाच विणून संपत नाही. दरवर्षी एखाददुसरी नवी पट्टी जोडतात आणि जुनी, कुजलेली काढून टाकतात. त्यामुळे तंबू आजीच्या काळातला आहे असे म्हटले तर ते खरेही असते आणि त्यातला एक धागाही आजीच्या काळातला नसतो. आतून पाहिले तर विणीतून बारीक बारीक उजेड येतो आणि धूर जातो. पाऊस आला की केस फुगतात आणि छिद्रे मिटतात. त्या रात्री पाऊस झाला. बाई जाग्याच होत्या, कारण विरळ हवेत पहिल्या रात्री झोप लागत नाही. अंगावर पाण्याचा एक थेंब पडला नाही.

मधोमध चूल. एक बाजू बायकांची, भांड्यांची आणि लोण्याची. दुसरी पुरुषांची आणि पाहुण्यांची. चुलीत कचरा टाकायचा नाही, चूल ओलांडायची नाही, तिच्यात देवता असते. मराठी घरात वाढलेल्या बाईला यातले काहीही समजावून सांगावे लागले नाही. सरपण म्हणजे याकचे शेण. या उंचीवर झाड नाही. शेण नसेल तर चहा नाही आणि चहा नसेल तर पाहुणचार नाही.

चहाविषयी अनेकांनी नाक मुरडून लिहिले आहे. त्यात मीठ असते आणि लोणी असते. चहा म्हणून प्याला तर घोट अडतो. कढण म्हणून प्याला तर तो उत्तम लागतो. वाडग्यातून एक घोट घेतला की घरची बाई तो पुन्हा काठोकाठ भरते. नको असेल तर वाडगा भरलेला तसाच ठेवायचा आणि निघताना संपवायचा. बाईंना हे कळेपर्यंत सात-आठ वाडगे झाले होते. जेवण त्साम्पाचे. त्साम्पा म्हणजे भाजलेल्या सातूचे पीठ. वाडग्यात थोडा चहा, लोण्याचा गोळा, सुक्या चीजचा चुरा आणि वर पीठ. बोटांनी मळून मुटके करायचे. चार हजार मीटरवर पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळते, तिथे डाळ शिजणार नाही. अन्न खाली खोऱ्यात भाजून ठेवायचे आणि वर नुसते कालवायचे, ही त्या उंचीची पाककला आहे. आपल्याकडे प्रवासाला निघताना सातूचे पीठ गूळ-दुधात कालवून खात, ते बाईंना आठवले. त्यांनी पिशवीतला गूळ काढून आपल्या मुटक्यात घातला. घरच्या बाईने तो चाखून पाहिला आणि मान हलवली. वाटाड्याने भाषांतर केले: हिला वाटते, तुम्ही चांगले पीठ बिघडवलेत.

या घरच्या बाईला सगळे 'आमा' म्हणत होते, म्हणजे आई. नवरा वरच्या अंगाला याक घेऊन गेला होता. तंबूत ती, तिची सासू, ती अकरा वर्षांची मुलगी आणि एक पाच वर्षांचा मुलगा. मोठा मुलगा मठात.

आमाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. 'याकचे दूध' असा शब्दप्रयोग आपण करतो. तो ऐकून द्रोक्पा हसतात, कारण याक हा नर. मादी ती द्री. रात्री दावणीला बांधलेली वासरे एकेक सोडायची, वासराने दोन घोट घेतले आणि द्रीने पान्हा सोडला की त्याला ओढून बाजूला करायचे, आणि मग दूध काढायचे. एक द्री भर उन्हाळ्यातही दिवसाला जेमतेम लिटर-दीड लिटर देते. आमाकडे दुभत्या चोवीस होत्या. पावसात, चिखलात, बसून-उठून चोवीस वेळा. मग साय काढण्याच्या हातयंत्राचा दांडा फिरवणे, लोणी, उरलेल्या दुधाचे चीज, ते पसरून वाळवणे. मग रात्रभराचे शेण गोळा करून, पातळ थापून उन्हात टाकणे. मग पाणी. मग केस कातणे. मग संध्याकाळी पुन्हा चोवीस द्री. पुरुषांचे काम पाहायला मोठे दिमाखदार असते, पण घर चालते ते या कामावर. द्रोक्पांविषयीच्या प्रवासवर्णनांत घोडेस्वार फार आणि दावण फार थोडी, हे काही बरोबर नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी शेण थापून दाखवले. लहानपणी आजोळी गोवऱ्या थापल्या होत्या, हात विसरले नव्हते. त्यानंतर आमाचे वागणे बदलले. तोवर त्या पाहुण्या होत्या. मग त्यांना मुठीतून सुकामेवा द्यावा तसे चीजचे खडे मिळू लागले.

त्या मुलीला शाळेची उन्हाळी सुट्टी होती. एरवी ती तालुक्याच्या गावी वसतिगृहात राहून शिकत होती. संध्याकाळी ती वही घेऊन चुलीपाशी बसली. बाईंनी सवयीने वही मागितली, आणि पाहिले तो काय, पहिल्या पानावर तिबेटी अक्षरे ओळींनी लिहिलेली. बाईंनी बोट ठेवून विचारले. मुलगी वाचू लागली: क, ख, ग, ङ. च, छ, ज, ञ. त, थ, द, न. प, फ, ब, म.

बाईंनी ३१ वर्षे पहिलीच्या वर्गात हेच म्हणवून घेतले होते. तिबेटी परंपरा सांगते, की सातव्या शतकात राजा सोंगत्सेन गाम्पोने थोन्मी सम्भोटाला भारतात धाडले आणि त्याने इथल्या लिपीवरून तिबेटी लिपी घडवली. कथेचा तपशील कसाही असो, अक्षरांचा क्रम साक्षीला उभा आहे. बाईंनी पुन्हा सुरुवात केली, 'क, ख, ग, घ', आणि मुलगी खदखदून हसली. घ चुकले होते. तिच्या लिपीत घ नाही, झ नाही, ध आणि भ नाही, आणि ट-ठ-ड-ढ-ण ही सबंध ओळच नाही. गच्या पुढे ङ. तिने बाईंना सक्तीने तीनदा नीट म्हणायला लावले.

मग बाईंनी एक प्रश्न विचारला. आपल्या अंकलिपीत क कमळाचा असतो, ख खटाऱ्याचा असतो, पण ङपुढची चौकट रिकामी असते. पहिलीतले प्रत्येक मूल कधी ना कधी विचारते, बाई, ङ कशाचा? आणि प्रत्येक पिढीतल्या बाई सांगतात, ङ कशाचाच नाही, नुसता म्हणायचा. तर तुमच्यात ङ कशाचा?

मुलीने छातीवर बोट ठेवले. तिबेटीत ङ म्हणजे 'मी'.

आणि ञ? ञ म्हणजे मासा. र म्हणजे शेळी, स म्हणजे माती. आपल्या मुलांनी नुसतीच घोकलेली दोन अक्षरे त्या तंबूत रोजच्या वापरातले शब्द निघाले. मुलीने वहीचे एक पान फाडून त्यावर ङ लिहिला, शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी काढली आणि ते बाईंना दिले. प्राथमिक विभागाच्या प्रदर्शनात अंकलिपीच्या तक्त्याशेजारी ते पान लावले आहे; जाताना जरूर पाहावे.

आता जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे.

तिसऱ्या रात्री मुले निजल्यावर आमाने वाटाड्याला विचारले, ही बाई मास्तरीण आहे हे खरे का? खरे आहे असे कळल्यावर तिने बाईंना प्रश्न घातला. धाकटा पाच वर्षांचा आहे. पुढच्या वर्षी त्याचे नाव शाळेत घालायचे. जवळची लहान शाळा बंद होऊन मोठ्या शाळेत गेली. तोही बहिणीसारखा वसतिगृहात जाईल. मुलगी घरी येते तेव्हा आठवडाभर तिचे हात दावणीवर चालत नाहीत. आजीशी बोलताना मध्येच तिला शब्द सापडत नाही आणि ती चिनी शब्द घालते. आजीला चिनी येत नाही. मोठा मठात गेला. धाकटाही गेला तर द्री कोण राखील? आणि नाही पाठवला, तर मोठा होऊन तो म्हणेल, आई, तू मला का नाही शिकवलेस? तू एवढी वर्षे मुले शिकवलीस. सांग, पाठवू की नको?

या प्रश्नामागे बरेच काही उभे आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून या माळांवरची जनावरे सामुदायिक कम्यूनच्या मालकीची झाली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती कुटुंबांना वाटून परत मिळाली. पुढे कुरणांना कुंपणे पडू लागली. २००३ पासून चराई थांबवून कुरण राखण्याची मोठी सरकारी योजना आली आणि अनेक भागांतली कुटुंबे जनावरे विकून रस्त्याकाठच्या नव्या वसाहतींत आली. कुरणे खराब का झाली, त्यात जनावरांचा दोष किती आणि हवामानाचा किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. नऊ वर्षांचे शिक्षण सक्तीचे आहे. काही शाळांत माध्यम तिबेटी, तर काहींत चिनी आणि तिबेटी हा केवळ एक विषय. पारडे दुसऱ्या बाजूला झुकत गेले आहे, आणि २०२१ मध्ये अल्पसंख्याकांच्या भागांतल्या बालवाड्यांतही चिनी वापरण्याचा आदेश निघाला. रोख पैसा हवा असतो. तो पुष्कळांना मे-जून महिन्यांत मिळतो, यार्सागुंबा नावाची अळीवर वाढणारी औषधी बुरशी उकरून. गुडघ्यांवर रांगत ती शोधायला बारीक नजरेची लहान मुले सर्वांत उपयोगी पडतात. म्हणजे शाळेला हवे असलेले मूल दावणीलाही हवे असते आणि बुरशीलाही.

वाटाड्याने प्रश्न भाषांतरित केला आणि तो स्वतःच बोलू लागला. मला पाठवले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, तो म्हणाला. दहा वर्षांनी परत आलो. तिबेटी उत्तम लिहायला शिकलो, इंग्रजी शिकलो, हिंदी शिकलो. घरी आलो तेव्हा आईने मला ओळखले नाही. आणि मला दूध काढता येत नव्हते. आई वारली तेव्हा मी तिच्याजवळ होतो, पण तिच्या बोलण्यातले काही शब्द मला तेव्हाही नवे होते. तरी पाठवले हे चुकले असे मी म्हणणार नाही. बरोबर होते असेही म्हणणार नाही.

बाईंवर उत्तर द्यायची वेळ आली. मातृभाषेतून शिक्षण या विषयावर त्यांनी या व्यासपीठावरून किती वेळा भाषण केले असेल. महाराष्ट्राबाहेरच्या या शहरात, घराबाहेर पडताच दुसरी भाषा कानी पडते अशा ठिकाणी, मराठी शाळा का टिकली पाहिजे हे त्यांनी कितीतरी पालकांना त्यांच्या घरी जाऊन पटवले आहे. त्या रात्री त्यांना त्यातले एकही वाक्य आठवले नाही, असे त्या सांगतात. आठवले ते दुसरेच. त्यांनी ते आमाला सांगितले आणि आज येथे सांगण्याची परवानगीही दिली आहे. त्या म्हणाल्या, मी ३१ वर्षे माझ्या भाषेत दुसऱ्यांची मुले शिकवली. माझ्या मुलाला मात्र मी त्या शाळेत घातले नाही. त्याला इंग्रजी शाळेत घातले. मी भ्याले. तो चांगला शिकला, चांगला मुलगा आहे. त्याच्या मुलीला मी गोष्ट सांगते तेव्हा मध्येच थांबून तो तिला तिचा अर्थ इंग्रजीत सांगतो. म्हणून पाठव की नको, हे मला विचारू नकोस. मला ते माझ्याच घरी जमले नाही.

वाटाड्या थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने सगळे भाषांतरित केले. आमाने ऐकून घेतले. चुलीत दोन गोवऱ्या सारल्या आणि बाईंचा वाडगा भरला. काठोकाठ. मग तिने विचारले, नातीला गोष्ट अजून सांगतेस ना? बाई हो म्हणाल्या. आमा म्हणाली, मग पी. चहा निवतो.

चौथ्या दिवशी सकाळी निरोप झाला. त्या मुलखात निरोपाचा फारसा समारंभ करत नाहीत. आजीने घोड्याच्या मानेवरून हात फिरवला, बाईंच्या नाही. 'कादिन छे', मोठे उपकार झाले, हे खाममधले आभाराचे शब्द बाईंनी आदल्या रात्री पाठ केले होते. ते म्हणताच मुलीने उच्चार सुधारून दिला. कुत्रा बांधलेला होता. पहिला मोठा उतार आला तशा बाई उतरल्या आणि लगाम धरून चालू लागल्या. मागे वळून पाहिले तेव्हा तंबू दिसत नव्हता, नुसता धूर दिसत होता.

वाटाड्याचा निरोप पुढल्या वर्षी सप्टेंबरात आला. धाकट्याचे नाव शाळेत घातले. आमाने दुभत्या निम्म्या करून बाकीच्या भावाकडे राखायला दिल्या आहेत. दूध भावाचे, वासरे अर्धी अर्धी. शाळेच्या दिवसांत ती तालुक्याच्या गावी एक खोली भाड्याने घेऊन राहते, म्हणजे मुलांना वसतिगृहात राहावे लागत नाही आणि रात्री ती आजीजवळ निजतात. सासूला गावातली खोली आवडत नाही. भिंतीतून उजेड येत नाही, असे तिचे म्हणणे. जूनच्या अखेरीस सगळे वर जाणार आहेत. तंबूला एक नवी पट्टी जोडायची आहे आणि ती विणायला मुलगी शिकते आहे.

त्या निरोपासोबत एक फोटो होता, धाकट्याच्या वहीचा. पहिली ओळ तिबेटी, तिच्याखाली चिनी. बाईंनी तो नातीला दाखवला. नातीने तिबेटी ओळीवर बोट ठेवून विचारले, हे काय आहे? बाईंनी तिला म्हणून दाखवले: क, ख, ग, ङ. नात म्हणाली, आजी, घ राहिला.